चूलबंद आवतन

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या खामगावला परीक्षेचा वास यायला लागतो. परीक्षेला कसला आलाय वास, असं कोणी म्हणेल. पण असतो. तेलगिरण्यांतून येणारा सरकीचा जड, कोमट वास, चौकात भाजल्या जाणाऱ्या हरभऱ्याच्या घाट्यांचा धूर आणि झेरॉक्सच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या गरम कागदांचा वास, हे तिन्ही एकत्र आले की समजावं, दहावीची परीक्षा तोंडावर आली. समोरच्या गच्चीवर शेजारची मुलगी येरझारा घालत पाठांतर करते. नांदुऱ्याच्या एसटीत पोरांच्या काखेत क्लिपवाले पॅड दिसू लागतात. लग्नंही नेमकी ह्याच दिवसांत निघतात. ज्या घरात परीक्षा नाही त्या घरात लग्न असतं, आणि ज्या घरात दोन्ही असतं त्या घराकडे बघवत नाही.

मला ह्या दिवसांत आठवतं ते एसक्यूएल. हसू नका. लोकांना आपापल्या दहावीचं वर्ष आठवतं, पहिलं प्रेम आठवतं, मला एक भाषा आठवते. डेटाबेस नावाच्या कोठारात माहिती टेबलांमध्ये भरून ठेवलेली असते, ओळीखाली ओळ, आणि त्या कोठाराशी बोलायची ही भाषा. कॉलेजात मी ती शिकले होते, पेपरात चांगले मार्कही पडले होते. पण भाषा येणं वेगळं आणि त्या भाषेत विचार करता येणं वेगळं. तो विचार मला ज्या फेब्रुवारीत करता यायला लागला, त्याची गोष्ट आठवते. शिकवलं ते वानखडे मॅडमनी.

वानखडे मॅडम मेहकरकडच्या. पुण्यात मोठ्या कंपन्यांच्या माहितीचे डोंगर उपसण्यात त्यांची बरीच वर्षं गेली. मग एक दिवस सगळं आवरून त्या खामगावला आल्या आणि शेतीऔषधांच्या एका दुकानावरच्या खोलीत तीन टेबलं टाकून त्यांनी काम सुरू केलं. परत का आलात, असं विचारलं की म्हणायच्या, ‘‘तिथं शेंगदाणे बरे भेटत नाईत.’’ हे अगदीच खोटं नसावं, कारण त्यांच्या टेबलावर कीबोर्डच्या डाव्या हाताला भुईमुगाच्या शेंगांची वाटी कायम असे. भावाचा फोन आला की ‘‘जयभीम, बोल,’’ म्हणत त्या खांद्याशी फोन धरायच्या आणि हात शेंगा फोडत राहायचा. पुण्याच्या माणसांशी त्या इतकं छापील मराठी बोलायच्या की मला दडपण यायचं. फोन ठेवला की लगेच आमच्याकडे वळून, ‘‘चहा सांगतला का व?’’ मला त्या पहिल्या आठवड्यातच आवडल्या. थोडी भीतीही वाटायची.

त्या वर्षी आमच्याकडे एका संस्थेचं काम होतं. ही संस्था जिल्ह्यातल्या गावोगावच्या शाळांत जाऊन मुलांचे डोळे तपासायची आणि नंबर निघाला त्याला चष्मा द्यायची. माहिती तीन टेबलांत होती. एकात शाळेतली सगळी मुलं, दुसऱ्यात तपासणीत निघालेले नंबर, तिसऱ्यात वाटलेले चष्मे. कोणाचं काय झालं ते जुळवून द्यायचं, एवढंच आमचं काम. मी मोठ्या हौसेनं प्रोग्राम लिहिला, सुरू केला आणि पडद्यावर सरकणारी नावं बघत बसले. डबा खाऊन झाला, हात धुऊन झाले, नावं आपली सरकतच होती. मला वाटलं, केवढं काम चाललंय!

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

‘‘काय करून राह्यली व, शीतल?’’

‘‘एकेक लेकरू पाहून राह्यली, मॅडम. पह्यलं लेकरू घेतलं, त्याले नंबर निघाला का ते पाह्यलं, चष्मा भेटला का ते पाह्यलं. मंग दुसरं लेकरू.’’

‘‘म्हंजे साऱ्या जिल्ह्यातल्या लेकरांच्या दारात तू एकटी जाऊन राह्यली.’’

‘‘मी नाई, कॉम्प्युटर जाऊन राह्यला.’’

‘‘पाठवून तं तूच राह्यली न.’’ त्यांनी खुर्ची ओढली, शेंगांची वाटी माझ्या टेबलावर आणून ठेवली. मग एकदम विचारलं, ‘‘तुह्या गावात लग्नाचं आवतन कसं सांगतात?’’

आमच्या वऱ्हाडात पत्रिका छापल्या तरी आवतन तोंडी सांगावं लागतं, त्याशिवाय कोणी हलत नाही. आवतनाचे प्रकार असतात. साधं आवतन म्हणजे घरटी एक माणूस. पण ज्यांच्याशी घरोबा आहे, त्यांना सांगतात चूलबंद आवतन. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायला नको, सगळं घर जेवायला आमच्याकडे. माझ्या चुलतभावाच्या लग्नात एका घरी ‘चूलबंद’ म्हणायचं राहून गेलं, तर त्या घरानं राग मानून एकच माणूस पाठवला, आणि तोही घरातला सगळ्यात जास्त खाणारा. माझे वडील अजून त्याच्या पोळ्या आठवतात.

मी हे मॅडमना सांगितलं. त्यांना तेच हवं होतं.

‘‘चूलबंद सांगताना तू काय म्हणतं? सासूबाई या, सूनबाई या, मोठा पोऱ्या ये, लहाना पोऱ्या ये?’’

‘‘नाई. चूलबंद हाय, एवढंच.’’

‘‘आन् कोण यीन?’’

‘‘त्या चुलीवर जेवणारे सारे.’’

‘‘मंग ह्याले काऊन तसं सांगत नाई?’’

त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला नाही, हे मला आजही फार मोठं वाटतं. हात बांधून बसल्या आणि मलाच लिहायला लावलं. ज्या मुलांचा नंबर निघाला, आणि ज्यांच्या नावे चष्मा आहे, ती सगळी. चार ओळींची क्वेरी झाली, क्वेरी म्हणजे त्या कोठाराला विचारलेला प्रश्न. एंटर मारलं. मॅडमच्या हातातली शेंग फुटायच्या आत उत्तर पडद्यावर होतं. माझा प्रोग्राम शेजारच्या खिडकीत अजून नांदुरा तालुक्यातच फिरत होता. मी तो गुपचूप बंद केला.

आता मागे वळून बघताना वाटतं, मला अवघड गेलं ते लिहिणं नाही, सोडणं. प्रोग्राममध्ये मी कॉम्प्युटरचं बोट धरून चालत होते: इकडे बघ, आता तिकडे बघ, आता परत ये. ह्या दुसऱ्या पद्धतीत बोट सोडून द्यायचं होतं. काय हवं ते सांगायचं. कुठून आणायचं, आधी कुठल्या टेबलात बघायचं, ते त्याचं तो ठरवणार. मला चैनच पडेना. आत काय चाललंय ते दिसल्याशिवाय माझा विश्वास बसायचा नाही. मॅडम म्हणाल्या, ‘‘पंगतीत बसल्यावर तू उठून आचाऱ्याच्या मांगं जाऊन उभी राह्यतं का? तू फक्त ताटात काय पायजे ते नीट सांग.’’

नीट सांगणं! सगळी मेख तिथे होती. पण एकदा कळल्यावर मला जिकडेतिकडे तेच दिसायला लागलं. आपली मराठी तर ह्या विचारानं काठोकाठ भरलेली आहे, आणि मला कॉलेजात ते कोणी सांगितलं नव्हतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी. कोणाचं नाव घेतलंय का? नाही. अट सांगितली आणि मोकळे झाले. त्या अटीत बसेल तो पारधी, मग तो कोणीही असो. बळी तो कान पिळी. ज्याचं जळतं त्याला कळतं. कसेल त्याची जमीन, ही तर तीन शब्दांची काय देखणी क्वेरी आहे! ‘जो’ आणि ‘तो’ ह्या दोन सर्वनामांची जोडी आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेली, आणि मी ती वापरायची सोडून मुलांच्या घरोघर हिंडत होते.

तेव्हा मी रोज नांदुऱ्याहून कामाला यायचे, आणि एसटीत हाच खेळ खेळायचे. ज्यांच्या मांडीवर पिशवी आहे आणि ज्या खिडकीशी बसल्यात त्या बायका. ज्यांनी कंडक्टरशी वाद घातला ते सगळे. ज्या मुलांच्या काखेत पॅड आहे पण हातात पुस्तक नाही, ती. गाडी तीच, माणसं तीच, पण दर प्रश्नाला वेगळाच गोतावळा एकत्र यायचा, जणू मी हाक मारायची आणि त्या हाकेची माणसं गर्दीतून आपोआप वर यायची. एकेकाचा चेहरा बघण्यात जो आनंद असतो तो ह्यात नाही हे खरं, पण सगळे मिळून काय आहेत ते एका दमात दिसणं ह्याचीही एक नशा असते. त्या दिवसांत मी दोनदा माझा स्टॉप चुकवला. घरी आईला वाटलं, पोरीचं कुठे तरी जुळलंय.

मग परीक्षा जवळ आली, आणि संस्थेचे बुलढाण्याचे प्रमुख, देशमुख सर, ह्यांचा फोन आला. परीक्षेआधी चष्म्यांची गाडी शेवटची एकदा जिल्ह्यात फिरणार होती. दहावीच्या ज्या मुलांचा नंबर निघालाय पण चष्मा अजून मिळालेला नाही, त्यांची नावं हवी होती. एकदा परीक्षा सुरू झाली की शाळेची मुलं पांगणार, आणि ज्याला चष्मा नाही तो प्रश्नपत्रिका नाकाशी धरून सोडवणार. वर्षाचं सगळं त्या काही दिवसांत. मॅडमनी फोन ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच आम्ही दोघींनी शेजारी बसून क्वेरी लिहिली. ज्या मुलांचा नंबर निघालाय, आणि जी चष्मा मिळालेल्यांच्यात नाहीत, ती.

उत्तर आलं: एकही नाही.

मी टाळी वाजवली. सगळ्यांना मिळाले की! देशमुख सरांना कळवलं, तर त्यांनाही इतका आनंद झाला की ते म्हणाले, ‘‘मग गाडी रद्द करतो, डिझेल वाचलं.’’ मी जिलेबी आणायला चप्पल घालत होते. मॅडम मात्र पडद्याकडे बघत बसल्या होत्या आणि त्यांचा शेंगांवरचा हात थांबला होता.

‘‘थांब व,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आपल्या जिल्ह्यात कोणीच सुटलं नाई? एकबी नाई? कोणी रुसल्याबिगर लग्न लागलेलं पाह्यलं का तू कधी?’’

मला पटेना. कॉम्प्युटर खोटं बोलतो का?

‘‘खोटं नाई बोलत. आपण त्याले काय इचारलं ते पाहू.’’

चष्म्यांच्या टेबलात त्यांनी वरखाली शोधलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. गाव होतं, तारीख होती, चष्मा होता. मुलाचा शाळेतला क्रमांक लिहायच्या जागी मात्र काही नव्हतं. कोरी जागा. ह्या कोऱ्या जागेला डेटाबेसच्या भाषेत नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, ‘नाही’सुद्धा नव्हे. नल म्हणजे ठाऊक नाही.

‘‘एका कोऱ्या जागेनं काय होते, मॅडम?’’

‘‘असं समज, तुह्या बापानं लग्नाच्या पत्रिका वाटल्या. साऱ्यावर नाव हाय, एक मात्र कोरी कोणाले तरी गेली. कोणाले, ठाऊक नाई. आता मी तुले इचारलं, तुह्या धाकट्या काकाले पत्रिका भेटली नाई न? छातीठोक सांगशील?’’

मी विचार केला. ‘‘नाई सांगता येणार. ती कोरी त्यालेच गेली असंन तं?’’

‘‘आन् मामाले?’’

‘‘त्यालेबी गेली असू शकते.’’

‘‘झालं मंग. आपण म्हटलं, ज्याले नक्की भेटला नाई तेच दाखव. तो म्हणते, नक्की तं मले कोणाचंच सांगता येत नाई. म्हणून एकबी दाखवला नाई.’’

मी एका पायात चप्पल घालून तशीच उभी राहिले. मला ह्या यंत्राबद्दल त्या क्षणी जो आदर वाटला, तो आजही उतरलेला नाही. एवढ्या मुलांपैकी कोणाही एकाचा तो चष्मा असू शकतो, एवढ्या एका शक्यतेपायी ते कोणाबद्दलही ठाम बोलायला तयार नव्हतं. आपण माणसं कोणाबद्दल काही ठाऊक नसताना किती ठामपणे बोलतो! पारावर बसून अख्ख्या गावाचा निकाल लावतो.

पण ती कोरी जागा आली कुठून? मॅडमनी चष्मे वाटायला जाणाऱ्या सुनीलभाऊंना फोन लावला, स्पीकरवर. गावाचं नाव ऐकल्याबरोबर ते हसले.

‘‘तो खिचडीवाल्या मावशीचा हाय, मॅडम. शाळेत स्वयंपाक करते ते. तांदुळातले खडे दिसत नव्हते तिले, लेकरांच्या दाताखाली यायचे. मास्तरांसाठी आणलेल्या जवळच्या चष्म्यातला एक तिच्या डोळ्याले बसला. म्या देला. देला तं लिवाच लागते न? आता मावशीले शाळेचा नंबर कुठून आणू?’’

मॅडम इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले. मग मी म्हटलं, ‘‘ही ओळ पुसून टाकते, मॅडम. लगेच उत्तर नीट येईल.’’

त्यांचं हसू थांबलं.

‘‘काऊन पुसतं? मावशीले चष्मा भेटला, हे खरं हाय. खऱ्याले पुसाचं नाई. आपला सवाल आडवा होता, तो सरळ कर.’’

ह्या वाक्याइतकं मला त्या वर्षात दुसऱ्या कशानं शिकवलं नाही. आज माझ्याकडे नव्या मुली काम शिकायला येतात, मलूल चेहऱ्यानं म्हणतात, ‘‘ताई, डेटा खराब आहे.’’ कधी असतोही. पण पुष्कळदा डेटात फक्त एक मावशी असते, आपण विचारताना जिचा विचारच केलेला नसतो. मॅडमनी मला हे शिकवताना आवाजही चढवला नाही, म्हणूनच बहुधा ते इतकं आत गेलं.

आम्ही प्रश्न सरळ केला. ज्या मुलाचा नंबर निघालाय आणि ज्याच्या क्रमांकाची चष्म्याची एकही ओळ सापडत नाही, ते मूल दाखव. काकाला पत्रिका मिळाली नाही हे नक्की का, असं न विचारता, काकाच्या नावाची एक तरी पत्रिका दाखवता येते का, असं विचारायचं, बदल तेवढाच. मावशीची कोरी ओळ आपल्या जागी शांत बसून राहिली, कोणाच्या वाटेत आली नाही. आणि पडदा नावांनी भरून गेला. खाली सरकवला तर आणखी नावं. मोताळा, चिखली, लोणार, मेहकर. मी मघाशी ज्यांच्यासाठी जिलेबी आणायला निघाले होते, ती ही मुलं.

मॅडमनी देशमुख सरांना स्वतः फोन केला, छापील मराठीत. ‘‘सर, गाडी रद्द करू नका. मुलं आहेत.’’

परवा मॅडमच्या खोलीत गेले होते. तीन टेबलांची सहा झालीत, वाटी तशीच आहे. त्यांनी स्वतःसाठी चष्मा केलाय, जवळचा, आणि तो डोक्यावर ठेवून टेबलभर शोधत होत्या. मी सांगितलं नाही. एवढी गंमत करायचा मला हक्क होता.

त्या फेब्रुवारीत मी हट्टानं गाडीबरोबर गेले. मॅडम म्हणाल्या, ‘‘जाय. सोमवारी मात्र येळेवर ये.’’ सुनीलभाऊ गाडी चालवत होते, मागे चष्म्यांचे खोके खडखडत होते, आणि हिवरा आश्रम हे गाव मागे टाकून आम्ही एका लहानशा गावातल्या शाळेत पोचलो. दहावीच्या वर्गात तिथले सर सराव परीक्षेचं काहीतरी समजावून सांगत होते. मला वाटत होतं, पडद्यावरचं नाव प्रत्यक्ष कसं असेल कोण जाणे. सुनीलभाऊंनी नाव वाचलं, ‘‘आचल कोण हाय?’’ आणि पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली.

ती वर्गातली सगळ्यात उंच मुलगी होती. पहिल्या बाकावर ती कशी, हे मला आधी कळलं नाही. सर म्हणाले, ‘‘तिले फळा दिसत नाई, म्हणून दोन वर्सं झाली तिले पुढं बसवून राह्यलो. बाकीच्यांची कटकट असते, पण करता काय?’’

आचलनं चष्मा लावला. सगळ्यांना वाटलं ती काहीतरी बोलेल. मीही उत्सुकतेनं बघत होते, लांबून आले होते ना. तिनं फळ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं. मग खाली वाकून दप्तर उचललं आणि बाकांच्या मधून चालत अगदी शेवटच्या बाकाकडे निघाली. तिथे एक मुलगी एकटी बसली होती, ती आधीच सरकून जागा करत होती.

‘‘काऊन व, कुठं चालली?’’ सर म्हणाले.

‘‘आता इथून दिसते, सर.’’

ती मैत्रिणीशेजारी बसली. आणि तिच्या आधीच्या बाकामागची पोरं, जी दोन वर्षं तिच्या खांद्याच्या बाजूनं मान वाकडी करून फळा बघत आली होती, ती एकामागोमाग एक सरळ बसली.